दिवाळीची साफसफाई, झिओलाइट आणि चार गोल्डफिश: फिल्टर मीडियाचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

पुण्याच्या पश्चिमेकडची एक सोसायटी. नवरा-बायको दोघं नोकरीला, मुलगा सातवीत, आणि दिवसभर घरी असणाऱ्या आजी. नावं देत नाही, ओळख पटेल असे एक-दोन तपशीलही बदललेत. मी त्याच इमारतीत दोन मजले वर राहतो. वीसेक वर्षं मासे पाळतोय, एवढ्याच भांडवलावर सोसायटीत ‘मासेवाले काका’ झालोय.

त्यांचा टँक तीन फूट लांब, १५ इंच रुंद, १८ इंच उंच. मापाप्रमाणे १५९ लिटर होतात, पण खडी आणि वरची मोकळी जागा सोडली तर खरं पाणी १३० लिटरच्या आसपास. त्यात चार गोल्डफिश: दोन ओरांडा, दोन कॉमेट. वर टॉप फिल्टर, म्हणजे टँकच्या काठावर बसणारी लांबट प्लॅस्टिकची पेटी. पॉवरहेड (पाण्यातला छोटा पंप) पाणी वर चढवतो, ते पेटीतल्या मीडियातून, म्हणजे पाणी गाळणाऱ्या भरावातून, झिरपत पुन्हा खाली पडतं. त्या पेटीत तीन वर्षं एकच काळा स्पंज होता. कडेनं फाटलेला, हात लावला की गाळ सोडणारा. दिसायला भिकार, पण टँक त्याच्यावरच चालला होता.

घरात पाणी दोन प्रकारचं. स्वयंपाकघराच्या नळाला खडकवासल्याचं, महापालिकेचं. बाथरूमला बोअरचं, आणि बोअर कमी पडली की त्यातच टँकरचं. पाण्यात विरघळलेले क्षार मोजणाऱ्या माझ्या टीडीएस पेनवर पहिलं ९० च्या आसपास दाखवतं, दुसरं ६८० च्या. तीन वर्षं टँकला स्वयंपाकघरातलंच पाणी जायचं, कारण ते काम आजी करायच्या आणि त्यांना बादली तिथूनच जवळ पडायची.

काय घडलं

वसुबारसेच्या आधीच्या रविवारी घर आवरायला काढलं. माळा झाला, पंखे झाले, मग टँकची पाळी. मासे बादलीत काढले, पाणी पूर्ण उपसलं, खडी बाथरूममध्ये स्वच्छ पाणी येईपर्यंत धुतली. स्पंज बघून सगळ्यांनी नाकं मुरडली आणि तो कचऱ्यात गेला. दुकानातून नवा मीडिया आला: पांढरा कापूस, अर्धा किलो सिरॅमिक रिंग आणि अर्ध्या किलोची एक जाळीची पिशवी. पिशवीत पांढरट खडे, मध्ये थोडे काळे दाणे. पांढरे खडे झिओलाइटचे, काळे कार्बनचे. टँक भरायला बाथरूमचा पाइप सोयीचा पडला, म्हणून बोअरचं पाणी भरलं.

पुढचे आठ-नऊ दिवस पाणी काचेसारखं होतं. फराळाला आलेल्या पाहुण्यांनी कौतुक केलं, त्यांच्या मुलांनी हौसेनं दाणे टाकले. भाऊबीज झाली आणि मुलाला एका कॉमेटच्या गालावर पांढरे ठिपके दिसले. दुकानदाराला फोटो पाठवला. उत्तर आलं, व्हाइट स्पॉट (पांढऱ्या ठिपक्यांचा रोग) आहे, लिटरला तीन ग्रॅम जाडं मीठ टाका. संध्याकाळी सातच्या सुमारास जवळजवळ चारशे ग्रॅम मीठ विरघळवून टँकमध्ये ओतलं.

रात्री अकराला वहिनींचा फोन. “काका, झोपलात का? मासे सगळे वरती आलेत, तोंडं उघडतायत. आणि मोठा ओरांडा आडवा पडलाय.”

मी ड्रॉप किट, म्हणजे नळीतल्या पाण्यात थेंब टाकून रंगावरून तपासायचा संच, घेऊन खाली गेलो. अमोनियाच्या नळीत पिवळ्यापासून हिरव्यापर्यंत रंग चढतो. ही नळी २ आणि ४ मिलिग्रॅम प्रति लिटर या दोन चौकोनांच्या मध्ये कुठेतरी थांबली. पीएच ८.२. ओरांडा तोवर गेलेला होता.

अडचण नेमकी कुठे होती

टँकमधला अमोनिया माशांच्या गिल्समधून (कल्ल्यांमधून) आणि उरलेल्या खाण्यातून येतो. फिल्टरमधले जिवाणू त्याचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. हे जिवाणू पाण्यात तरंगत नसतात, ते पृष्ठभागाला चिकटून राहतात. इथे ते राहत होते दोनच ठिकाणी, स्पंजवर आणि खडीवर. एक कचऱ्यात गेला, दुसरी घासून निघाली. म्हणजे त्या रविवारपासून टँकला फिल्टर नव्हताच, फक्त पाणी फिरत होतं.

मग नऊ दिवस काही झालं कसं नाही? झिओलाइटमुळे. हा खडा पाण्यातला अमोनियम स्वतःत धरतो आणि बदल्यात सोडियम वगैरे सोडतो. पण त्यालाही मर्यादा आहे. एक ग्रॅम झिओलाइट साधारण एक-दोन मिलिग्रॅम अमोनिया-नायट्रोजन धरतो असं मी धरून चालतो. पिशवीत खडे अर्ध्या किलोच्या जवळपास, म्हणजे पाचशे ते हजार मिलिग्रॅमची कोठी. आता आवक बघा. आजींची चिमूट मी नंतर छोट्या काट्यावर मोजली, पाच चिमटींचे साडेतीन ग्रॅम भरले. रोजच्या तीन चिमटी म्हणजे दोन ग्रॅम. चाळीस टक्के प्रथिनं असलेल्या एक ग्रॅम दाण्यांमधून साधारण ३५ मिलिग्रॅम अमोनिया-नायट्रोजन निघतं. म्हणजे रोज सत्तर, आणि पाहुण्यांच्या दिवसांत त्याहून जास्त. नऊ दिवसांत कोठी भरत आली होती.

आणि मग मीठ पडलं. झिओलाइट पुन्हा वापरण्याजोगा करायचा तर तो मिठाच्या पाण्यात भिजत घालतात, कारण सोडियमचा मारा झाला की तो धरलेला अमोनियम सोडून देतो. त्या संध्याकाळी हेच झालं, फक्त बादलीत नाही, माशांच्या टँकमध्ये.

तिसरा धागा पाण्याचा. किटमध्ये दिसतो तो एकूण अमोनिया. त्यातला किती भाग खरा विषारी वायुरूप आहे हे पीएचवर ठरतं. आमच्याकडच्या नोव्हेंबरातल्या तापमानाला पीएच ७.२ असेल तर तो एक टक्क्याच्या आत असतो, ८.२ ला साधारण आठ टक्के. बोअरच्या पाण्यानं तोच आकडा आठ-नऊ पट घातक केला.

आणि ते ठिपके? मी टॉर्च लावून बघितले. फक्त गिल्सच्या झाकणावर आणि छातीच्या पराच्या पुढच्या कडेवर, सगळे एका आकाराचे, ओळीनं. व्हाइट स्पॉट असा शिस्तीत बसत नाही, तो शेपटीवर, पाठीवर कुठेही मीठ भुरभुरल्यासारखा दिसतो. ही नराची विणीच्या काळातली खूण होती. मोठा पाणीबदल आणि तापमानातला बदल एवढंही त्याला पुरतं. म्हणजे जे मीठ पडलं त्याची गरजच नव्हती.

दुसऱ्या दिवशी मुलाला हे पटवायला आम्ही एक प्रयोग केला. लोणच्याच्या दोन रिकाम्या बरण्या घेतल्या, दोन्हींत फिल्टरमधून काढलेला मूठमूठभर झिओलाइट टाकला. एकीत एक लिटर साधं पाणी, दुसरीत एक लिटर पाणी आणि तीन ग्रॅम मीठ. तासाभरानं दोन्ही तपासल्या. साध्या पाण्याची नळी पिवळीच, जेमतेम हिरवट झाक. मिठाच्या पाण्याची गर्द हिरवी. पोरगं दोन्ही नळ्या खिडकीत धरून बराच वेळ उभं होतं.

समोर कोणते पर्याय होते

रात्री अकराला ठरवायचा प्रश्न एकच: मीठ काढायचं की झिओलाइट? दोन्ही एकत्र नांदत नाहीत.

मीठ काढून झिओलाइट ठेवायचा म्हटलं तर बरंच पाणी बदलावं लागलं असतं आणि पिशवीही नवी लागली असती. ती मिळाली असती तर पुढचा आठवडा अमोनिया आवाक्यात राहिला असता. पण झिओलाइट नायट्राइट धरत नाही. जिवाणू नव्यानं वसत असताना आधी अमोनिया चढतो, मग नायट्राइट, आणि नायट्राइट माशाच्या रक्तातली प्राणवायू वाहण्याची ताकद काढून घेतं. त्यावर मिठातलं क्लोराइड कामाला येतं, ते गिल्सपाशी नायट्राइटला आत शिरू देत नाही. लिटरला एक ग्रॅम मीठ त्यासाठी भरपूर आहे. शिवाय झिओलाइट अमोनिया खात राहिला तर जिवाणूंच्या वाट्याला कमी येतं आणि वसाहत रेंगाळते. मी झिओलाइट काढायचं ठरवलं.

दुसरा प्रश्न पाण्याचा. बोअरच्या पाण्यात क्लोरीन नाही, पण पीएच तोच चढा. स्वयंपाकघरातल्या पाण्यात क्लोरीन आहे, पण त्यावर अँटीक्लोरीनचे थेंब आहेत. म्हणजे स्वयंपाकघर. फक्त पीएच एकदम खाली आणायचा नाही, टप्प्यानं.

तिसरा प्रश्न, पुढे फिल्टरमध्ये काय ठेवायचं. इथे सगळ्यांची मतं होती. वहिनींच्या भावानं बाटलीतले जिवाणू सुचवले. मला त्या बाटल्यांचा अनुभव संमिश्र आहे. जुन्या बाटल्यांमध्ये नायट्राइटसाठी नायट्रोबॅक्टर असायचे. १९९८ मध्ये टिमथी होव्हानेक आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की गोड्या पाण्याच्या टँकमध्ये हे काम प्रामुख्यानं नायट्रोस्पायरा करतात. आताच्या काही बाटल्या सुधारल्यात, पण दुकानाच्या फळीवर एप्रिल-मे काढलेल्या बाटलीत जिवंत किती उरलं असेल, कोण सांगणार?

नवऱ्याचं म्हणणं सरळ कॅनिस्टर (टँकबाहेर ठेवायचा बंद डब्याचा फिल्टर) घेऊ या. पैसे होते, पण अडचण यंत्राची नव्हती. कॅनिस्टरमध्येही हेच स्पंज आणि ह्याच रिंग भरायच्या, आणि तो उघडायला जास्त कटकटीचा म्हणून सहा-सहा महिने कोणी उघडत नाही.

बायोबॉल, म्हणजे जाळीदार प्लॅस्टिकचे गोळे, वर हवेत, पाणी ठिबकत असेल तिथे छान चालतात. आमच्या पेटीत ते अर्धे बुडले असते, आणि एवढ्याशा जागेत त्यांना पृष्ठभाग कमीच. लाव्हा रॉक स्वस्त आणि चांगला, पण जड. टँकच्या काठावर टेकलेल्या पेटीत तो भरायला माझं मन धजेना. फुटक्या माठाची खापरं मी स्वतः पूर्वी वापरली आहेत, चालतात. पण वहिनींनी ज्या नजरेनं बघितलं त्यावरून विषय सोडला.

सिरॅमिक रिंगविषयी पाकिटावर पृष्ठभागाचे मोठमोठे आकडे असतात. त्यातला बराचसा भाग बारीक छिद्रांच्या आतला. तिथे गाळ बसला की पाणीही पोहोचत नाही, प्राणवायूही नाही. म्हणून रिंग चांगल्याच, पण त्यांच्या आधी गाळ अडवणारं काहीतरी हवं. स्पंज हे दोन्ही करतो, आणि मुख्य म्हणजे पिळता येतो.

काय केलं

त्या रात्री चार बादल्या आणि एक पातेलं, मिळून ६५ लिटरच्या आसपास पाणी बदललं. दोन टप्प्यांत, मध्ये तासभर थांबून. झिओलाइट-कार्बनची पिशवी बाहेर काढली. माझ्याकडचा एअर पंप लावला. मीठ आपोआप निम्म्यावर आलं. दुसऱ्या दिवशी आणखी ४० टक्के पाणी बदललं, तेव्हा ते लिटरला एक ग्रॅमच्या जवळ आलं. तिथेच ठेवलं.

सकाळी माझ्या टँकमधला चालू स्पंज काढून कात्रीनं अर्धा कापला. माझ्या टँकच्या पाण्यात एकदाच हलका पिळला आणि पाण्याच्या डब्यात बुडवून दोन मजले खाली नेला. यात माझ्याकडचा एखादा रोग त्यांच्याकडे जाण्याचा धोका होताच. माझ्या टँकमध्ये वर्षभर नवा मासा आलेला नव्हता म्हणून तो पत्करला. मात्र त्यांच्याकडचं काहीही, अगदी जाळीसुद्धा, माझ्याकडे वर आणली नाही.

तीन दिवस खाणं बंद. हे सगळ्यांत अवघड गेलं. आजी टँकपाशी खुर्ची घेऊन बसायच्या आणि मासे त्यांच्या बोटामागे काचेवर फिरायचे. “मागतायत हो,” असं तीनदा ऐकून घेतलं.

मग पेटी नव्यानं लावली. आधी पंपाचं पाणी मोजलं: पेटीत पडणाऱ्या धारेखाली लिटरचं भांडं धरलं, भरायला नऊ सेकंद. म्हणजे तासाला चारशे लिटर. पॉवरहेडच्या खोक्यावर हजार लिहिलेलं. उंची चढताना आणि पाइपात एवढं जातंच, पण तीन पट फेरा मिळत होता, तेवढा पुरे. पाणी पडतं तिथे जाड छिद्रांचा स्पंज, दोन वेगळे तुकडे करून. त्यामागे माझा अर्धा स्पंज. शेवटी नव्या रिंग, जाळीच्या पिशवीत. कापूस अगदी पातळ, पहिल्या स्पंजावर, आणि तो दर आठवड्याला फेकायचा. कार्बन नाही. तो वास, रंग आणि औषध शोषतो, अमोनियाला हात लावत नाही. शिवाय औषध चालू असताना कार्बन आत राहिला तर पैसे त्याच्याच पोटात जातात. औषधाचा कोर्स संपल्यावर चार दिवस घालायचा, बस्स.

धुण्याची पद्धत मुलाकडे दिली. टँकचं पाणी बदलताना काढलेल्या बादलीतच स्पंज पिळायचा, नळाखाली नाही. आणि दोन तुकड्यांपैकी एका वेळी एकच. नळाखाली एकदा पटकन खंगाळल्यानं सगळे जिवाणू मरतात असं मी म्हणणार नाही, तसं होत नाही. पण ‘पटकन’ म्हणजे किती हे प्रत्येकाचं वेगळं असतं.

निष्पत्ती

चौथ्या दिवशी दुसरा ओरांडाही गेला. त्याच्या गिल्सचा रंग शेवटपर्यंत सुधारला नाही. एका कॉमेटचे पर लाल होऊन फाटले होते, ते महिन्याभरात भरून आले. ठिपकेवाला तर पहिल्या आठवड्यातच नेहमीसारखा फिरू लागला.

आकडे मुलाच्या वहीत आहेत. स्पंज दिल्यापासून सहाव्या दिवशी अमोनिया ०.२५ च्या खाली. नायट्राइट तिसऱ्या दिवशी दिसायला लागलं, आठव्या दिवशी १ पर्यंत गेलं, सतराव्या दिवशी शून्य. वसवलेला स्पंज नसता तर यालाच पाच-सहा आठवडे सहज लागले असते.

नंतर एक गोष्ट लक्षात आली, ती मी आधी धरलीच नव्हती. जिवाणू एक मिलिग्रॅम अमोनिया-नायट्रोजन पचवताना पाण्यातली साधारण सात मिलिग्रॅम क्षारता, म्हणजे पीएच सावरून धरणारे क्षार, खातात. खडकवासल्याचं पाणी मुळात मऊ. चांगला चालणारा फिल्टर आणि मऊ पाणी मिळून पीएच हळूहळू उतरतो, आणि फार उतरला की तेच जिवाणू मंदावतात. पाचव्या आठवड्यात पीएच ६.६ दिसला. दुकानात यासाठी कोरलचे तुकडे मिळतात, ते फिल्टरात टाकले की चालतं. आम्ही त्याऐवजी दर आठवड्याच्या पाणीबदलात तीन बादल्यांमागे एक बादली बोअरची घालायला लागलो. ज्या पाण्यानं घात केला तेच, फक्त मापात. पीएच आता ७.४ च्या आसपास टिकून आहे.

वेगळं काय करता आलं असतं

पहिली चूक माझ्याकडे येते. त्या रविवारच्या आदल्या संध्याकाळी वहिनी जिन्यात भेटल्या होत्या. “काका, उद्या टँक स्वच्छ करतोय.” मी हातात पिशव्या घेऊन “करा, करा” म्हणालो आणि वर गेलो. स्पंजचं काय करणार, एवढं विचारायला अर्धं मिनिट लागलं असतं.

स्पंज फाटला होता, बदलायला हवा होता, हे खरंच आहे. पण नवा त्याच्या शेजारी महिनाभर ठेवून मग जुना काढला असता तर बाकी सगळी साफसफाई झाली तरी चाललं असतं. खडी धुवायचीच होती तर स्पंज ठेवायचा, स्पंज बदलायचाच होता तर खडी तशीच सोडायची. दोन्ही एका दिवशी नको होतं.

झिओलाइट वाईट नाही. नवीन टँकमध्ये, प्रवासात, किंवा वीज जाऊन फिल्टर बसल्यावर मी स्वतः वापरतो. पण तो घातला की दोन गोष्टी लिहून ठेवायच्या: कधी घातला आणि मीठ चालणार नाही. या घरात पिशवीवर दोन्ही लिहिलेलं नव्हतं. मीठ सांगणाऱ्यानं आत काय आहे हे विचारलं नाही, आणि विचारलं असतं तरी ‘खडे आहेत’ एवढंच उत्तर मिळालं असतं.

नऊ दिवसांत एकदाही कोणी अमोनिया तपासला नाही, कारण पाणी स्वच्छ दिसत होतं. घरात टीडीएस पेन होतं आणि त्यावर सगळ्यांचा भरवसा. पण ते क्षार मोजतं, अमोनिया नाही.

त्या रात्रीच्या माझ्या निर्णयाबद्दल मी अजून शंभर टक्के ठाम नाही. झिओलाइट लगेच काढल्यामुळे पुढचे चार-पाच दिवस अमोनिया लिटरला अर्ध्या मिलिग्रॅमच्या वर राहिला, आणि आधीच भाजलेल्या गिल्सच्या दुसऱ्या ओरांडाला तो सोसला नसावा. सगळं मीठ काढून ताजा झिओलाइट घातला असता तर कदाचित तो वाचला असता, कदाचित पुढे नायट्राइटनं गेला असता. माझ्याकडे वसलेला स्पंज होता म्हणून मी मिठाच्या बाजूनं गेलो. तो नसता तर उलटं केलं असतं.

काढलेली पिशवी मिठाच्या पाण्यात रात्रभर भिजवून, धुऊन, गॅलरीत वाळवून कपाटात ठेवली आहे. वर मुलाच्या अक्षरात कागद चिकटवलाय: ‘मीठ असेल तर नको.’ आजींचं म्हणणं दोनच मासे बरे दिसत नाहीत, आणखी दोन आणा. मी मार्चपर्यंत थांबा म्हणालोय. नायट्रेट आठवड्याला किती चढतं ते वहीत दिसू दे, मग बघू.